तेलीबांध्याचा येशू

आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. आई त्याला 'तेलीबांध्याचा' म्हणते, कारण तिकडे तलावाजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये त्याचा फ्लॅट आहे. बाबा काहीच म्हणत नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि माझी ताई, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं, ती विषय निघाला की उठून कपड्यांच्या घड्या घालायला घेते. घड्या आधीच घातलेल्या असल्या तरी.

आम्ही शहराच्या कडेच्या, कारखान्यांच्या बीरगांवचे. बाबा तरुणपणी नागपूरकडून इथल्या रोलिंग मिलमध्ये आले आणि इथलेच झाले. आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, हिंदीत होते. जशपूरकडचे उरांव आदिवासी, केरळचे, तामिळ असे सगळे लोक; मराठी घरं फारच थोडी. घरी मात्र संध्याकाळची रोझरी, मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, आई मराठीतच म्हणते, आणि रोझरीनंतर लहानपणी आम्हाला संतांच्या गोष्टी सांगायची. एकाला लोखंडी जाळीवर भाजलं. एकाला झाडाला बांधून बाणांनी टोचलं. एकीचे डोळे काढले, म्हणून ती तसबिरीत स्वतःचे डोळे ताटलीत घेऊन उभी असते.

मी दर वेळी एकच विचारायचो. "मारणाऱ्यांचं काय झालं?"

"ते लिहिलं नाई," आई म्हणायची.

"काहून नाई लिहिलं?"

"संतानं क्षमा केली असन त्याईले."

पहिल्या हुतात्म्याला दगडांनी ठेचून मारलं, ती गोष्ट मला अजिबात पचली नाही. दगड मारणाऱ्यांचे अंगरखे ज्यानं सांभाळले, तोच माणूस पुढे सगळ्यात मोठा प्रेषित झाला. त्याच्या नावानं जगभर चर्च उभी आहेत. आणि दगड मारणारे? घरी जाऊन जेवले असतील. चर्चमधली मला आवडणारी तसबीर एकच होती: सैतानाच्या मानेवर पाय देऊन भाला रोखलेला महादूत. बाकी मुलं येशूच्या हृदयाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची, मी भाल्यासमोर.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एका लहान इंग्रजी शाळेत केजीच्या पोरांना शिकवायची. एका गुड फ्रायडेला तिनं पाण्याचा थेंबही न घेता उपास धरला आणि क्रूसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या मिरवणुकीत, भर उन्हात, चक्कर येऊन पडली. युवक मंडळाची पोरं पाणी वाटत होती. त्यातल्या एका उंच पोरानं तिला सावलीत नेलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं, आपल्या रुमालानं वारा घातला. तोच हा. पुढे फोन, मग भेटी, मग त्याची आई आमच्या घरी मिठाई घेऊन आली.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवारी मिस्सेनंतर घोषणा होते, की अमुक आणि अमुक लग्न करणार आहेत, कोणाची हरकत असेल तर त्यानं फादरला सांगावं. दोन रविवारी घोषणा झाली. बाबा पहिल्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तिसऱ्या रविवारी फादरनी बाकी सगळं वाचलं, आमचं वाचलं नाही.

बाबा आणि मी त्याच दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं. तो आतल्या खोलीत होता, दाराखालून त्याचे पाय दिसत होते. "लड़का मना कर रहा है," ती म्हणाली. बाबांनी कारण विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "आपने बीमारी छुपाई, भाईसाहब. मिरगी कोई छोटी बात तो नहीं है."

मिरगी. म्हणजे फिट, आकडी. ताईला आयुष्यात ताप सोडला तर काही झालं नव्हतं. पण उपाशी पोटी चक्कर आलेली सगळ्यांनी पाहिली होती, आणि तेवढं पुरलं. खरी गोष्ट महिन्याभरात कळली: समता कॉलोनीत मोठं घर असलेल्या एका कुटुंबातून त्याला स्थळ आलं होतं. पण दिलेला शब्द तोडायला कारण लागतं. कारण म्हणून त्यानं माझी बहीण वापरली. ती का पडली, हे ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच.

मग पुढचं सगळं आपोआप घडत गेलं. शाळेच्या मॅडमनी ताईला बोलावून सांगितलं, छोटे बच्चे हैं, पेरेंट्स पूछते हैं, तुम थोड़ा आराम करो. ताईनं पुढे समता कॉलोनीतच एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी धरली. स्थळं यायची आणि चर्चमध्ये चौकशी करून परत जायची. बाबांनी पहिला बाक सोडला. आम्ही सकाळच्याऐवजी संध्याकाळच्या मिस्सेला जायला लागलो आणि मागच्या खांबाआड बसू लागलो. त्याचं लग्न मात्र त्याच चर्चमध्ये झालं. आणि नंतरच्या वर्षीपासून, उंची चांगली, चेहरा चांगला म्हणून, गुड फ्रायडेच्या नाटकात तो येशू होऊ लागला. नाताळपासून केस वाढवायचा. इस्टरपर्यंत ऑफिसातही लोक त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलायचे म्हणे.

मी प्रार्थनेतली एक ओळ म्हणणं बंद केलं. 'जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' तिथे आलो की तोंड मिटायचो आणि पुढच्या ओळीला उघडायचो. पापनिवेदनाला जाऊन फादरना हे सांगितलंही. फादर म्हातारे, जशपूरकडचे. जाळीपलीकडून म्हणाले, "बेटा, रोज उसके लिए प्रार्थना करो."

मी रोज केली. 'प्रभू, भर मिस्सेत त्याच्या तोंडाला फेस येऊ दे. सगळ्यांनी पाहू दे.' मनापासून केली. आई म्हणायची, पोट्टा किती भक्तीनं डोळे मिटते आजकाल.

असं चालू असताना एका चालीसाकाळात, म्हणजे इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, नाटक बसवणाऱ्या सिस्टरनी मला थांबवलं. केरळच्या, ठेंगण्या, शाळेत पीटी घेणाऱ्या. त्यांना आमची कहाणी माहीत नव्हती, त्या नव्या होत्या. "भैया, तुम्हारा शरीर अच्छा है. हमारा सैनिक फौज में भर्ती हो गया. रोमन सैनिक बनोगे? बस कोड़ा मारने का है, डायलॉग कम है."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

तालमीत तो मला पाहून चपापला. मग हसला, हात पुढे केला. "जय येसु, भाई. कैसे हो?" मी हात मिळवला. तालमीत आमच्याकडे तागाची जुनी, पिंजलेली दोरी होती. ती आलत्याच्या रंगात बुडवायची, म्हणजे पाठीवर लाल ओघळ उठतात आणि लागत काहीच नाही. मी इतकं हळू मारायचो की सिस्टर ओरडायच्या, "सैनिक, थोड़ा एक्टिंग करो! दया मत करो!"

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी काम करतो त्या फॅक्टरीतून माल बांधायची नायलॉनची दोरी आणली, तिला गाठी मारल्या आणि रंगात भिजवत ठेवली. मनात जराही गोंधळ नव्हता. उलट कित्येक वर्षांत नव्हतं एवढं शांत वाटत होतं.

सकाळी ऊन चढायच्या आत नाटक सुरू झालं. चर्चचं मैदान भरलं होतं. नाटकातल्या रोमन राज्यपालानं शिक्षा सुनावून हात धुतले. गालांपर्यंत येणारे पत्र्याचे टोप घातलेल्या आम्हा दोघा शिपायांनी त्याचा झगा उतरवला, त्याचे हात खांबाला बांधले. गाठ मी बांधली. पाठ गोरी होती, मऊ, एसीत बसणाऱ्या माणसाची. सिस्टरनी ढोलवाल्याला खूण केली.

पहिला फटका बसला तसा त्याचा श्वास अडकला. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी आश्चर्य होतं, मग सगळं समजल्याचं दिसलं. मला तेवढंच हवं होतं. त्याला समजायला हवं होतं.

"पागल है क्या?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"चल, यहूदियों के राजा!" मी माझा डायलॉग म्हटला आणि दुसरा फटका मारला.

त्याला ओरडता येत नव्हतं. येशू ओरडत नाही. तो थांबा म्हणू शकत नव्हता, पळू शकत नव्हता, हजार माणसं बघत होती आणि त्यातली निम्मी आधीच रडत होती. मी मारत होतो. ढोल वाजत होता. प्रत्येक फटक्याला मनात एकेक नाव घेत होतो: हा पहिल्या बाकाचा, हा केजीच्या पोरांचा, हा आईचा. आलता कुठला आणि रक्त कुठलं, ते मलाही कळेना. दुसरा शिपाई, एक उरांव कॉलेजकुमार, कानाशी कुजबुजला, "भैया, बस, बस," तेव्हा मी थांबलो.

मग क्रूस त्याच्या खांद्यावर आला आणि मिरवणूक निघाली. येशू वाटेत तीन वेळा पडतो. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा नाटकातलं पडणं नव्हतं ते. क्रूसाखाली त्याचा चेहरा मातीत होता. मी ओढून उठवायच्या बहाण्यानं वाकलो.

"धीरे, भाई," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाल-बच्चेवाला हूँ."

"मिरगी किसने बोला था?"

त्यानं तोंड पुन्हा मातीकडे वळवलं.

"किसने बोला?"

"मैंने," तो म्हणाला. "मम्मी ने पूछा क्या कारण बताएँ... मेरे मुँह से निकल गया."

निकल गया! जसं शिंकेबरोबर काही निघून जावं. मी त्याला उठवलं, आणि लोकांच्या समोर, पाठीवर जिथे आधीच सोललं होतं तिथेच, आणखी एक दिला.

नाटक संपलं. माझा बदला झाला होता असं मला वाटलं, दुपारभर वाटत राहिलं. घरी जाऊन मी उपास सोडला नाही, पण थंड पाण्यानं आंघोळ केली आणि झोपलो. इतकी गाढ झोप मला त्याआधी कधी लागली होती, आठवत नाही.

घरचे संध्याकाळी जाणार होते; इस्टरच्या सकाळी मी एकटाच चर्चमध्ये शिरलो तर दाराशी गर्दी. मध्ये तो उभा. पांढरा पातळ कुर्ता मुद्दाम घातलेला, आतली पट्टी दिसावी असा. म्हाताऱ्या बाया त्याच्या पाठीला हात लावून तो हात कपाळाला लावत होत्या. एकीनं आपलं आजारी नातवंड त्याच्यापुढे धरलं. आणि फादरनी प्रवचनात सांगितलं, की आपल्या एका भावानं या वर्षी खऱ्या जखमा सोसल्या. मारणारा कोण, का मारलं, हे तो सांगत नाही. त्यानं त्याला अंतःकरणापासून क्षमा केली आहे. ख्रिस्ती माणूस असा असतो.

सगळं चर्च वळून त्याच्याकडे बघत होतं. तो मान खाली घालून बसला होता. बाजूला त्याची बायको, सासू. सासूच्या चेहऱ्यावर असा अभिमान की जणू जावयाचा पुतळा आजच चौथऱ्यावर बसवतात.

त्यानं मला क्षमा केली होती. सगळ्यांसमोर, फुकट, मी मागितली नसताना. मी खांबाआड उभा होतो आणि माझे दात एकमेकांवर घासत होते. मी त्याला शिक्षा द्यायला गेलो आणि माझ्याच हातानं संत करून ठेवलं. काही दिवसांतच तो पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचा, अध्यक्ष होणार अशी बोलणी सुरू झाली.

घरचे कोणी नाटकाला जात नसत; ताईला त्याच आठवड्यात कळलं. त्या उरांव पोराची बहीण तिच्याच दवाखान्यात नर्स होती. ताई संध्याकाळी घरी आली, पर्स खाटेवर फेकली. आई देवळीसमोर दिवा लावत होती, ती तशीच काडी हातात धरून उभी राहिली.

"तुले कोनी सांगतलं होतं रे?" ताई म्हणाली.

"ताई, तुझ्यासाठीच..."

"माह्यासाठी? मले इचारलं होतं तू? आता सारे म्हनून राहिले की बहीण मिरगीची अन् भाऊ पागल. पूरा खानदान ही ऐसा है. तू त्याच्या खोट्याले सबूत देऊन आला!"

मी म्हटलं, "मग काय करू? सोडून देऊ त्याले?"

"बदनामीचा मार तू खाल्ला होता का? शाळेतल्या पोरी तुह्या कडेवरून काढून घेतल्या होत्या का, की दीदी को दौरा पड़ेगा म्हनून?" तिचा आवाज फाटला. "माझं होतं ते. माझा हिसाब होता. तू त्याले क्षमा करायचा चानस देला. तो माझा होता."

तेव्हा मला तिचं बोलणं नीट कळलं नाही. बाबांनी त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

इस्टरनंतरचा रविवार आमच्यात दयेचा रविवार असतो. देवाच्या दयेची आठवण करायची, म्हणून मिस्सेनंतर प्रार्थनासभा होते आणि ज्याला गवाही द्यायची तो माइकपाशी जातो. कोणाचा मुलगा पास झाला, कोणाचा मुतखडा पडला, कोणाची दारू सुटली. ताईनं सकाळी आम्हाला सांगितलं, आज सकाळच्या मिस्सेला जायचं. आणि पहिल्या बाकावर बसायचं. बाबा इस्त्री करायला बसले.

गवाहीची वेळ आली तशी ताई उठली. निळी साडी, केस घट्ट बांधलेले. ती हिंदीत बोलली, मी माझ्या भाषेत सांगतो.

ती म्हणाली, "प्रभूची स्तुती असो. मी आज क्षमेबद्दल बोलायला आले आहे. आपल्या भावानं माझ्या भावाला क्षमा केली. मारणारा माझा भाऊच होता, तो इथे बसला आहे. फटके खरे होते. त्याबद्दल मी भावाच्या वतीनं त्याला धन्यवाद देते."

चर्चमधल्या माना माझ्याकडे वळल्या.

"ते ऐकून मलाही वाटलं, आपणही क्षमा करावी. पण क्षमा करायची तर कशाची ते सांगावं लागतं. नाहीतर देवाला कसं कळणार? काही वर्षांपूर्वी गुड फ्रायडेला मी उपाशीपोटी चक्कर येऊन पडले. या भावानंच मला ग्लुकोजचं पाणी पाजलं. मला काय झालं होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. नंतर त्याला माझ्याशी लग्न करायचं नव्हतं. तर त्यानं सांगितलं, मला मिरगी आहे. मला मिरगी नाही, कधी नव्हती. मी ज्या डॉक्टरांकडे काम करते तेही इथे मागे बसले आहेत, विचारा. या खोट्यानं माझी शाळा गेली, माझं लग्न गेलं, माझ्या बाबांचा हा बाक गेला. या सगळ्याची मी त्याला आज क्षमा करते." मग त्याच्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात: "भैया, मैंने आपको माफ़ किया. आप भी सबके सामने बोल दीजिए कि मैं सच बोल रही हूँ. फिर हम दोनों हल्के हो जाएँगे."

आणि तिनं माइक त्याच्या दिशेनं धरला.

मी त्याचा चेहरा पाहत होतो. नायलॉनच्या दोरीनं जे झालं नव्हतं ते आता होत होतं. खांबाला बांधलेला असताना त्याच्या बाजूनं हजार माणसं रडत होती. आता एकही नव्हतं. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. सासूनं एक शब्द उच्चारला, तो पहिल्या बाकापर्यंत ऐकू आला. "बोलो!"

तो उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला. त्या दारातून जाताना तो खरं म्हणजे सगळं बोलून गेला. फादर वेदीपाशी आले. मग त्यांनी सगळ्यांना उभं राहून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला सांगितलं. अपराध्यांच्या त्या ओळीला मी पुन्हा तोंड मिटलं. माझ्या शेजारी ताई मोठ्यानं म्हणत होती.

पॅरिश कौन्सिलचा अध्यक्ष दुसराच कोणी झाला. तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये जातो असं ऐकतो. शाळेच्या मॅडमनी ताईला परत बोलावणं धाडलं. ताईनं फोनवर 'हव, सोचती हूँ' म्हटलं आणि गेली नाही. दवाखान्यात ती आता सगळा कारभार बघते. लग्न झालं नाही. स्थळं पुन्हा यायला लागली, पण ती म्हणते, आता मी चौकशी करीन, मग बघू.

मी तिला एकदा विचारलं, तू त्याले खरंच क्षमा केली का, की ती फक्त बोलायची गोष्ट होती?

ती भात उपसत होती. "मले नाई माहीत," ती म्हणाली. "बोलताना खरं वाटून राहिलं होतं. अन् त्याचं थोबाड पाहून मजाबी आली. दोन्ही एकासंगं होऊ शकते का, ते तुह्या फादरले इचार."

मी विचारलं नाही. मला भीती होती, ते हो म्हणतील.

मागच्या नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही कब्रस्तानात, शेवटी आमच्याकडे येऊन राहिलेल्या आजोबांच्या कबरीवर फुलं घालत होतो. दोन ओळी पलीकडे तो आपल्या वडिलांच्या कबरीपाशी मेणबत्ती लावत होता. केस बारीक कापलेले, पोट सुटलेलं. जाताना आमच्या समोरूनच जावं लागलं त्याला. थांबला. हात जोडले.

"जय येसु," तो म्हणाला.

"जय येसु," ताई म्हणाली.

आईही म्हणाली. बाबांनी मान हलवली. तो माझ्याकडे बघत माझ्या 'जय येसु'ची वाट पाहत होता. मी फुलांच्या पाकळ्या खुडत राहिलो, एकेक, कबरीवर टाकत राहिलो, तो गेटपर्यंत पोचेस्तोवर. हे मी पापनिवेदनात अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर पश्चात्ताप लागतो, आणि तो मला होत नाही.